लढाऊ विमानांची तुलना : भारत, पाकिस्तान आणि चीन यांच्या हवाई सामर्थ्याचा आढावा

भारतीय हवाई दलातील अखेरची मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे झालेल्या समारंभात सेवानिवृत्त झाली. १९६३ मध्ये दाखल झालेल्या या विमानाने बासष्ट वर्षे देशाच्या आकाशाचे रक्षण केले. त्याच्या निवृत्तीनंतर हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ तुकड्या उरल्या. मंजूर संख्या मात्र ४२ तुकड्यांची आहे. एका तुकडीत साधारणपणे १६ ते १८ विमाने असतात. त्यामुळे ही तूट दोनशेहून अधिक विमानांची ठरते. पश्चिमेला पाकिस्तान आणि उत्तरेला चीन अशा दोन्ही सीमांवर एकाच वेळी सज्ज राहण्याची गरज लक्षात घेता ही तूट किती गंभीर आहे, हे समजून घेण्यासाठी आधुनिक लढाऊ विमानांची तुलना कोणत्या निकषांवर होते, हे पाहणे आवश्यक ठरते.

‘पिढी’ या संज्ञेचा अर्थ

लढाऊ विमानांची वर्गवारी सर्वसाधारणपणे पिढ्यांमध्ये केली जाते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे मिग-२१ हे प्रामुख्याने तिसऱ्या पिढीत गणले जाते. मिराज-२०००, मिग-२९ आणि एफ-१६ ही चौथ्या पिढीतील विमाने होत. संगणकनियंत्रित उड्डाणप्रणाली, बहुविध शस्त्रे वाहण्याची क्षमता आणि अधिक चपळता ही या पिढीची लक्षणे आहेत. याच पिढीत अत्याधुनिक रडार, इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली आणि दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे यांची भर पडल्यावर तिला साडेचारावी पिढी म्हटले जाऊ लागले. फ्रान्सचे राफेल, चीनची जे-१०सी व जे-१६ आणि भारताचे तेजस मार्क-१ए ही विमाने या गटात येतात.

पाचव्या पिढीचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे रडारला सहजासहजी न दिसणे. त्यासाठी विमानाचा बाह्य आकार विशिष्ट कोनांत घडवला जातो, रडारलहरी शोषणारे पदार्थ वापरले जातात आणि शस्त्रे पंखांखाली न टांगता विमानाच्या पोटातील कप्प्यांत ठेवली जातात. अमेरिकेची एफ-२२ व एफ-३५, रशियाचे सुखोई-५७ आणि चीनचे जे-२० ही या पिढीची उदाहरणे होत. पिढी ही सोयीची वर्गवारी आहे. केवळ तिच्या आधारे युद्धाच्या निकालाचे भाकीत करता येत नाही.

रडार, क्षेपणास्त्र आणि इंजिन

हवाई युद्ध आता बहुतांशी नजरेच्या टप्प्यापलीकडे लढले जाते. त्यामुळे विमानाच्या कमाल वेगाइतकेच किंबहुना त्याहून अधिक महत्त्व रडार आणि क्षेपणास्त्र यांच्या जोडीला आले आहे. जुन्या रडारमध्ये अँटेना यंत्राच्या साहाय्याने फिरवावा लागत असे. नव्या इलेक्ट्रॉनिक रडारमध्ये शेकडो सूक्ष्म प्रक्षेपक एकाच वेळी कार्यरत असतात. त्यामुळे लहरींचा झोत क्षणार्धात दिशा बदलतो, अनेक लक्ष्यांचा माग एकाच वेळी घेता येतो आणि शत्रूला अडथळे आणणे कठीण जाते. राफेल, जे-१०सी आणि पाकिस्तानच्या जेएफ-१७ या विमानाची तिसरी श्रेणी यांवर असे रडार आहे. भारताच्या सुखोई-३० एमकेआय विमानांवरील ‘बार्स’ रडार त्याआधीच्या तंत्रावर आधारलेले असून ते बदलण्याची योजना आहे.

क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याचे आकडे सावधपणे वाचावे लागतात. कागदावरील पल्ला हा विमानाची उंची, त्याचा वेग आणि लक्ष्य समोरून येत आहे की दूर पळत आहे यांवर अवलंबून असतो. राफेलवरील ‘मिटिऑर’ क्षेपणास्त्राचा पल्ला १०० किलोमीटरहून अधिक आहे. त्याचे इंजिन वातावरणातील हवा घेऊन चालते आणि अखेरच्या टप्प्यापर्यंत जोर टिकवून धरते. लक्ष्याने ऐनवेळी दिशा बदलली तरी ते त्याचा पाठलाग करू शकते. चीनच्या पीएल-१५ क्षेपणास्त्राच्या निर्यात आवृत्तीचा घोषित पल्ला १४५ किलोमीटर असून चीनच्या स्वतःच्या वापरातील आवृत्तीचा पल्ला त्याहून अधिक मानला जातो. भारताचे स्वदेशी ‘अस्त्र’ क्षेपणास्त्र सुमारे १०० किलोमीटरच्या गटातील आहे.

तिसरा घटक इंजिनाचा. लढाऊ विमानाचे इंजिन घडविणे हे जगातील मोजक्याच देशांना साधलेले तंत्र आहे. चीनने दीर्घ प्रयत्नांनंतर रशियन इंजिनांच्या जागी स्वतःची डब्ल्यूएस-१० मालिका आणली. भारताच्या कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८०च्या दशकाच्या अखेरीस मंजूर झाला. परंतु तेजसला त्याची जोड देता आली नाही आणि ते विमान अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एफ-४०४ इंजिनावर उडते. या इंजिनांचा पुरवठा लांबल्याने तेजस मार्क-१ए विमानांचे वेळापत्रक कोलमडले. पाकिस्तानच्या जेएफ-१७ विमानालाही रशियन बनावटीचे आरडी-९३ इंजिन वापरावे लागते.

भारतीय हवाई दल

भारतीय हवाई दलाचा कणा सुखोई-३० एमकेआय हा आहे. दोन इंजिने आणि दोन वैमानिक असलेले हे अवजड विमान २००२ मध्ये पुण्यातील लोहगाव तळावर प्रथम औपचारिकरीत्या दाखल झाले. नाशिकजवळील ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याचे उत्पादन झाले. एकूण २७२ विमानांची मागणी नोंदविण्यात आली होती. अपघातांत गमावलेल्या विमानांची भरपाई म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ विमानांचा सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा करार झाला. अडीच टन वजनाचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेण्याची क्षमता हे या विमानाचे मोठे बलस्थान आहे.

राफेलची ३६ विमाने सप्टेंबर २०१६ च्या करारानुसार घेण्यात आली. पहिली पाच विमाने २९ जुलै २०२० रोजी अंबाला येथे उतरली. अंबाला आणि पश्चिम बंगालमधील हाशिमारा अशा दोन तळांवर त्यांच्या तुकड्या आहेत. पहिला तळ पश्चिमेकडे, तर दुसरा भूतान व सिक्कीमलगतच्या टापूकडे लक्ष ठेवतो. नौदलासाठी २६ राफेल-एम विमानांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला.

याखेरीज मिराज-२०००, मिग-२९ आणि जग्वार ही विमाने सेवेत आहेत. मिराजने १९९९ च्या कारगिल संघर्षात आणि फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट कारवाईत महत्त्वाची भूमिका बजावली. मात्र या तिन्ही प्रकारांची विमाने १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून आणि १९८०च्या दशकात दाखल होऊ लागली. वेळोवेळी सुधारणा झाल्या असल्या तरी येत्या दशकभरात त्यांची निवृत्ती अटळ आहे.

पाकिस्तान

पाकिस्तानच्या हवाई दलाची उभारणी दोन स्रोतांवर झाली. १९८३ पासून अमेरिकेकडून एफ-१६ विमाने मिळू लागली. १९९० मध्ये अणुकार्यक्रमाच्या कारणावरून अमेरिकेने पुरवठा रोखला आणि पैसे भरलेली विमानेही अडकून पडली. या अनुभवानंतर पाकिस्तान चीनकडे अधिकाधिक झुकत गेला. दोन्ही देशांनी मिळून विकसित केलेले जेएफ-१७ हे एक इंजिनाचे, हलक्या वजनाचे विमान २००३ मध्ये प्रथम उडाले. त्याचे उत्पादन कामरा येथे होते. मार्च २०२२ मध्ये चीनची जे-१०सी विमाने पाकिस्तानच्या ताफ्यात आली आणि त्यांच्यासोबत पीएल-१५ क्षेपणास्त्रही आले.

संख्येने पाकिस्तानचे हवाई दल भारताहून लहान आहे. तथापि, त्याला एकाच सीमेचा विचार करावा लागतो आणि त्याचे बहुतेक तळ त्या सीमेपासून फार दूर नाहीत. स्वीडिश बनावटीची ‘एरीआय’ टेहळणी विमाने, जमिनीवरील रडार आणि लढाऊ विमाने यांना माहितीच्या एका जाळ्यात गुंफण्यावर त्याने भर दिला आहे. लढाऊ विमानाने स्वतःचे रडार बंद ठेवून टेहळणी विमानाकडून लक्ष्याची माहिती घेणे, हे त्याचे एक फलित होय.

चीन

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या वार्षिक अहवालांनुसार चीनचे हवाई दल आणि नौदलाची हवाई शाखा मिळून जगातील तिसऱ्या क्रमांकाचे हवाई सामर्थ्य आहे. जे-२० या पाचव्या पिढीच्या विमानाने जानेवारी २०११ मध्ये पहिले उड्डाण केले आणि २०१७ मध्ये ते सेवेत आले. अशा विमानांची संख्या दोनशेच्या पुढे गेल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये झुहाई येथील प्रदर्शनात जे-३५ए हे दुसरे पाचव्या पिढीचे विमानही जगासमोर आले. चीनचे खरे बळ मात्र उत्पादनाच्या वेगात आहे. विमान, इंजिन, रडार आणि क्षेपणास्त्र हे चारही घटक देशातच तयार होत असल्याने युद्धकाळात पुरवठा तुटण्याची भीती त्याला तुलनेने कमी आहे.

उंचीचा प्रश्न

चीनचे संपूर्ण सामर्थ्य भारताच्या सीमेवर एकवटू शकत नाही. त्याचा मोठा भाग तैवान आणि पॅसिफिक किनाऱ्याच्या दिशेने तैनात असतो. शिवाय तिबेटमधील भूगोल त्याच्या विरोधात जातो. तेथील अनेक धावपट्ट्या साडेतीन ते सव्वाचार हजार मीटर उंचीवर आहेत. चार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच उरते. विरळ हवेत पंखांना मिळणारा उठाव आणि इंजिनाचा जोर दोन्ही घटतात. परिणामी विमानाला इंधन किंवा शस्त्रे यांपैकी काहीतरी कमी घेऊन उड्डाण करावे लागते.

याउलट अंबाला, बरेली, तेजपूर, छाबुआ आणि हाशिमारा हे भारतीय तळ मैदानी प्रदेशात आहेत. तेथून विमान पूर्ण भार घेऊन निघू शकते. लेह आणि न्योमा येथील उंचावरील धावपट्ट्यांना मात्र हीच मर्यादा लागू पडते. ही भौगोलिक अनुकूलता कायमची समजता येणार नाही. चीन तिबेट व शिनजियांगमध्ये धावपट्ट्यांची लांबी वाढवीत आहे, विमानांसाठी काँक्रीटचे निवारे उभारीत आहे आणि हवेतल्या हवेत इंधन भरणाऱ्या विमानांची संख्या वाढवीत आहे. भारताकडे अशी इंधनवाहू आयएल-७८ विमाने सहाच आहेत. ‘फाल्कन’ रडार बसविलेली मोठी टेहळणी विमानेही तीनच आहेत. स्वदेशी ‘नेत्र’ विमाने त्यांना पूरक ठरतात.

मे २०२५ चा अनुभव

पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यानंतर ७ मे रोजी भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू केले. १० मे रोजी लढाई थांबली. या संघर्षात दोन्ही बाजूंची विमाने बहुतांशी आपापल्या हद्दीतूनच दूर पल्ल्याची शस्त्रे डागत राहिली. पाकिस्तानने भारताची पाच, पुढे सहा विमाने पाडल्याचा दावा केला. भारताचे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूर येथे विमाने गमावल्याचे मान्य केले. मात्र संख्या सांगितली नाही आणि सहा विमानांचा दावा फेटाळला. ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडल्याचे सांगितले. हे मोठे विमान सुमारे ३०० किलोमीटर अंतरावरून टिपण्यात आल्याचेही त्यांनी नमूद केले. पाकिस्तानने हे विधान नाकारले.

परस्परविरोधी दाव्यांपलीकडे काही गोष्टी स्पष्ट झाल्या. चिनी विमान व क्षेपणास्त्र यांची जोडी प्रथमच मोठ्या हवाई युद्धात उतरली. एस-४०० सारखी जमिनीवरील हवाई संरक्षणप्रणाली शत्रूच्या विमानांना सीमेपासून दूर ढकलू शकते, हे दिसले. अचूक क्षेपणास्त्रांपुढे हवाई तळ किती असुरक्षित असू शकतात, हेही पाकिस्तानातील तळांवरील हल्ल्यांनी दाखवून दिले.

संख्येचे गणित

भारताची तूट भरून काढण्याची मुख्य भिस्त तेजसवर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ अशा एकूण १८० तेजस मार्क-१ए विमानांचे करार झाले. त्यातून सुमारे दहा तुकड्या उभ्या राहतील. बेंगळुरू येथील दोन उत्पादनरेषांची वार्षिक क्षमता १६ विमानांची आहे. नाशिक येथे ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या रेषेमुळे ती २४ पर्यंत जाऊ शकते. ज्या परिसरात १९६०च्या दशकात मिग-२१ ची बांधणी सुरू झाली, तेथेच त्याच्या वारसदाराची निर्मिती होत आहे. पूर्ण क्षमतेने काम झाले तरी १८० विमानांना साडेसात वर्षे लागतील. क्षमता १६ वरच राहिली तर हा काळ अकरा वर्षांहून अधिक होईल.

याच काळात जग्वार, मिराज आणि मिग-२९ यांच्या मिळून दहाहून अधिक तुकड्या निवृत्तीच्या उंबरठ्यावर येतील. म्हणजेच तेजसच्या दहा तुकड्या वेळेवर आल्या तरी त्या प्रामुख्याने नव्या रिकाम्या होणाऱ्या जागा भरतील. आजची तूट तशीच राहील. म्हणूनच तेजस मार्क-२, परदेशी सहकार्याने ११४ बहुउद्देशीय विमाने घेण्याची योजना आणि पाचव्या पिढीचे स्वदेशी ‘अ‍ॅम्का’ विमान यांच्याकडे धोरणकर्त्यांचे लक्ष लागले आहे. ‘अ‍ॅम्का’च्या विकासासाठी मार्च २०२४ मध्ये सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर झाले. ते प्रत्यक्ष तुकडीत दाखल होण्यास पुढील दशकाचा मध्य उजाडेल, असे मानले जाते.

एका विमानाची दुसऱ्या विमानाशी तुलना करता भारताकडील राफेल किंवा सुखोई शेजाऱ्यांच्या बहुतेक विमानांपुढे कमी पडत नाही. प्रश्न आहे तो पुरेशा संख्येचा, उड्डाणयोग्य विमानांच्या प्रमाणाचा, टेहळणी व इंधनवाहू विमानांच्या पाठबळाचा आणि कारखान्यातून वेळेवर बाहेर पडणाऱ्या इंजिनांचा. येत्या काही वर्षांत बेंगळुरू आणि नाशिक येथून दरवर्षी किती विमाने हवाई दलाच्या हाती पडतात, यावरच या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी अवलंबून राहील.