शरीरात बसवलं जातं ते कशापासून बनतं? हृदयाची झडप, हेपॅरिन, बोन ग्राफ्ट आणि पुण्यातलं रेशीम

ऑपरेशनची तारीख ठरलेली असते, पैशांची जमवाजमव झालेली असते, आणि आदल्या रात्री घरातलं कुणीतरी इमाम साहेबांना फोन लावतं: "डॉक्टर म्हणतात, जनावराची झडप बसवणार. डुकराची तर नसेल ना? चालेल का?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण वेळ चुकीची आहे. त्या वेळी इमाम साहेबांकडे वैद्यकीय माहिती नसते, डॉक्टरांकडे फिकहची नसते आणि पेशंटकडे वेळ नसतो. कोणता पदार्थ कुठून येतो, त्याला पर्याय काय आणि उलेमांनी काय म्हटलं आहे, हे आधीच ठाऊक असावं म्हणून हा लेख.

शरीरात परकी वस्तू बसवण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांची हदीस आहे. इस्लामपूर्व काळात कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं. त्यांनी चांदीचं नाक बसवून घेतलं, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. सोनं पुरुषांना दागिना म्हणून मना आहे, इथे मात्र इलाज म्हणून परवानगी मिळाली. आजचं पदार्थविज्ञान याच घटनेकडे वेगळ्या बाजूने पाहील. चांदी गंधकाच्या संयुगांशी संयोग पावून काळी पडते, तर सोनं शरीरातल्या ओलाव्यात आणि क्षारांत जवळजवळ तसंच राहतं. शरीराशी भांडण न करणारा पदार्थ शोधणं, हेच आजच्या बायोमटेरियल शास्त्राचं काम आहे.

आधी सोपा भाग उरकून घेऊ. मारुंजी, हिंजवडी, वाकडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बाईकचे अपघात आणि कारखान्यातल्या दुखापती रोजच्या. हाड मोडल्यावर जो रॉड, प्लेट किंवा स्क्रू घालतात तो स्टेनलेस स्टीलचा किंवा टायटॅनियमचा असतो. गुडघा बदलताना कोबाल्ट-क्रोम मिश्रधातू आणि विशिष्ट प्रकारचं पॉलिथिलीन वापरतात. यात जनावराचा संबंध येत नाही. टाक्यांचंही बहुतेक तसंच. पूर्वी 'कॅटगट' नावाचा धागा सर्रास वापरात होता. नावात कॅट असली तरी मांजराशी त्याचा संबंध नाही, तो मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनतो. आता आपोआप विरघळणारे बरेचसे धागे कृत्रिम पॉलिमरचे असतात.

खरा पेच हृदयाच्या झडपेचा. आपल्या देशात लहानपणी घशाच्या संसर्गानंतर होणाऱ्या रूमॅटिक तापाने झडपा खराब झालेले पेशंट आजही बरेच आहेत, आणि त्यात तरुण मुलं-मुली असतात. झडप बदलायची तर दोन रस्ते. एक मेकॅनिकल झडप, म्हणजे कार्बन, धातू किंवा प्लॅस्टिकची. दुसरी टिश्यू झडप, म्हणजे डुकराच्या हृदयातली झडप किंवा गाईगुरांच्या हृदयाभोवतीचं आवरण घेऊन त्यावर ग्लुटराल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया करून बनवलेली. ही प्रक्रिया फ्रान्समधले सर्जन आलँ कार्पांतिए यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस रुळवली.

मेकॅनिकल झडपेत भारताचं स्वतःचं काम आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली बनलेली चित्रा झडप डिसेंबर 1990 मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवली गेली. तिची उघडझाप करणारी चकती पॉलिथिलीनची, चौकट कोबाल्ट-क्रोमची आणि शिवायची कड पॉलिएस्टर कापडाची. परदेशी झडपांपेक्षा बरीच स्वस्त, आणि आजवर एक लाखाहून अधिक बसवल्या गेल्या. म्हणजे डुकराचा किंवा गुरांचा अंश नको असेल तर पर्याय आहे, तोही देशी.

मग प्रश्न संपला का? नाही. मेकॅनिकल झडपेवर रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी (वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम) आयुष्यभर घ्यावी लागते आणि आयएनआरची रक्ततपासणी वारंवार करावी लागते. गोळी चुकली तर गुठळी होऊन लकवा, जास्त झाली तर रक्तस्राव. टिश्यू झडपेला सहसा आयुष्यभर गोळी लागत नाही, पण ती साधारण 10 ते 15 वर्षांत झिजते, तरुणांमध्ये त्याहून लवकर, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. म्हणून सर्वसाधारणपणे पन्नाशीच्या आत मेकॅनिकल आणि 65च्या पुढे टिश्यू असा डॉक्टरांचा कल असतो. सगळ्यात अवघड स्थिती मूल हवं असणाऱ्या तरुण स्त्रीची. वॉरफरिन गर्भापर्यंत पोहोचतं आणि बाळाला इजा करू शकतं. तिच्यासाठी टिश्यू झडप ही चैन नसून गरज ठरू शकते. अशा मुलीला घरच्यांनी "हराम आहे, नको" एवढंच सांगून मेकॅनिकल झडप घ्यायला लावणं म्हणजे पुढच्या प्रत्येक बाळंतपणाचा धोका तिच्या माथी मारणं आहे, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

टिश्यू म्हटलं की डुकराचीच, असंही नाही. गुरांच्या आवरणाच्या झडपा सहज मिळतात. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून बसवली जाणारी झडप, म्हणजे टावी, हिच्यातही दोन्ही प्रकार आहेत. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हॉल आणि एडवर्ड्स कंपनीची सेपियन गुरांच्या आवरणाची, तर मेडट्रॉनिकची इव्होलूट डुकराच्या आवरणाची. सर्जनला आधी सांगितलं तर बऱ्याचदा निवड शक्य असते. आणि ही अडचण फक्त आपलीच नाही. गाईचा अंश नको म्हणणारे हिंदू आणि कुठल्याच जनावराचा अंश नको म्हणणारे जैन पेशंटही हाच प्रश्न विचारतात. तेव्हा विचारायला लाजण्याचं कारण नाही.

झडपेबद्दल निदान लोक विचारतात तरी. हेपॅरिनबद्दल कुणीच विचारत नाही, आणि ते त्याहून कितीतरी जास्त लोकांना दिलं जातं. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस, इतकंच काय सलाइनची नळी चोंदू नये म्हणूनही. जगातलं बहुतेक हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढलं जातं. पोटात टोचायचं एनॉक्सापॅरिन हे इंजेक्शनही त्याच हेपॅरिनचे तुकडे करून बनतं. गुरांपासूनचं हेपॅरिन असतं, पण मॅड काऊच्या भीतीने अमेरिकेत ते 1990च्या दशकात बाजारातून गेलं. एकाच जनावरावर आणि एकाच देशाच्या पुरवठ्यावर अवलंबून राहण्याची किंमत 2008 मध्ये दिसली. चीनमधून आलेल्या कच्च्या हेपॅरिनमध्ये कोंड्रॉयटिन सल्फेटची एक बनावट भेसळ निघाली आणि अमेरिकेत रुग्णांचे जीव गेले. फोंडापॅरिनक्स हे पूर्ण कृत्रिम औषध काही आजारांत पर्याय म्हणून चालतं, पण बायपास मशीनवर आजही हेपॅरिनच लागतं.

उलेमांचं म्हणणं काय? इथे दोन वेगळे आधार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला इस्तिहाला, म्हणजे पदार्थाचं मूळ रूप इतकं बदलणं की तो पदार्थच वेगळा होतो, जसं दारूचा सिरका. कुवेतच्या इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या 1995च्या परिषदेने जिलेटिनबाबत हाच आधार घेऊन ते पाक ठरवलं. याउलट जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1986 मध्ये अम्मानच्या बैठकीत डुकराचं जिलेटिन नामंजूर केलं होतं, कारण वनस्पती आणि हलाल जनावरांपासूनचा पर्याय उपलब्ध आहे. दुसरा आधार जरूरतचा, सूरह बकराच्या 173व्या आयतीतला, लाचारीत असलेल्या माणसाला मिळणारी सूट. मक्केतल्या फिकह परिषदेने 2003 मध्ये हेपॅरिनला परवानगी दिली ती हलाल पर्याय नसल्याच्या अटीवर.

माझ्या समजुतीप्रमाणे हा फरक मुफ्ती साहेबांपुढे नीट मांडायला हवा. कॅप्सूलच्या जिलेटिनमध्ये मूळ कोलॅजनची घडण मोडलेली असते. झडपेमध्ये तसं होत नाही. पेशी मरतात, रसायनाने धागे पक्के होतात, पण ऊतक ऊतकच राहतं. त्यामुळे झडपेसाठी इस्तिहालापेक्षा जरूरतचा आधार जास्त बळकट वाटतो, आणि जरूरत असेल तर "दुसरा पर्याय आहे का" हा प्रश्न आपोआप येतो. त्याचं उत्तर डॉक्टरच देऊ शकतात.

पर्याय संशोधनातून येतो, याचं उत्तम उदाहरण इन्शुलिन. आपल्या आधीच्या पिढीतल्या मधुमेहींनी गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातलं इन्शुलिन टोचून घेतलं, दुसरा इलाजच नव्हता. 1982 मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्शुलिन बाजारात आलं. 2003 मध्ये हबील खोराकीवाला यांच्या वॉकहार्ट कंपनीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वोसुलिन आणलं. आज इन्शुलिन हलाल की हराम हा वाद कुणाला आठवतही नाही.

असंच एक काम आपल्या शेजारी चालू आहे. मारुंजीहून हिंजवडी, बाणेरमार्गे पाषाणला गेलं की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते, 1950 साली सुरू झालेली, सगळे एनसीएल म्हणतात ती. तिथल्या पॉलिमर शास्त्रज्ञ डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुतीच्या रेशीमकिड्याच्या कोशापासून हाडातली पोकळी भरण्याचा पदार्थ बनवला. त्यातूनच सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली.

कोशाचा धागा दोन प्रथिनांचा असतो: आत फायब्रॉइन आणि वरून डिंकासारखं सेरिसिन. धुण्याच्या सोड्यासारख्या क्षारात कोश उकळले की सेरिसिन निघून जातं. उरलेलं फायब्रॉइन विरघळवून त्यापासून पातळ पडदा, स्पंज किंवा बारीक कण असं काहीही करता येतं. एनसीएलच्या गटाने रेशमाचे सूक्ष्म कण रेशमाच्याच द्रावणाने एकमेकांना चिकटवून सच्छिद्र ठोकळा बनवला. हे काम 2018 मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. यातली खुबी अशी: हाडात भरलेला पदार्थ दाब सहन करण्याइतका मजबूत हवा आणि तो सावकाश विरघळायला हवा. लवकर विरघळला तर नवं हाड येण्याआधीच पोकळी पडते, विरघळलाच नाही तर हाडाला जागा मिळत नाही. कणांच्या मधल्या छिद्रांत हाडाच्या पेशी शिरतात आणि रेशीम हळूहळू जागा सोडतं.

आपल्यासाठी याचं महत्त्व वेगळंच आहे. दातांच्या डॉक्टरांकडे इम्प्लांट बसवताना जबड्याचं हाड कमी पडलं की बोन ग्राफ्ट घालतात. त्यातला खूप वापरला जाणारा बायो-ऑस गुरांच्या हाडाचा, आणि त्यावर झाकायचा बायो-गाइड हा पडदा डुकराच्या कोलॅजनचा असतो. दाताच्या खुर्चीत बसून हे कुणी विचारत नाही. कृत्रिम हायड्रॉक्सीॲपेटाइट, कॅल्शियम फॉस्फेट आणि बायोॲक्टिव्ह काच हे पर्याय आधीपासून आहेत, आता रेशीमही आहे. पुरुषांना मना आहे ते रेशमाचं वस्त्र, रेशीम नजिस नाही. आणि वस्त्रातही हजरत जुबैर आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना खाजेच्या त्रासामुळे ते घालण्याची परवानगी मिळाल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

भाजलेल्या जखमांवरही काम चालू आहे. ब्राझीलमध्ये फोर्तालेझा शहरातल्या डॉक्टरांनी तिलापिया माशाची निर्जंतुक केलेली कातडी भाजलेल्या जागेवर लावून पाहिली, आइसलंडच्या केरेसिस कंपनीची कॉड माशाची कातडी जखमांसाठी वापरली जाते. मासा असल्यामुळे जबीहाचा प्रश्नच येत नाही. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर यांच्या गटाने चांदीच्या नॅनोकणांचं जंतुनाशक जेल बनवलं. नाकाला जी चांदी सोसली नाही, तीच जखमेवर जंतू मारायला उपयोगी पडते.

संशोधन उलट दिशेनेही चाललं आहे. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात जनुकबदल केलेल्या डुकराचं हृदय माणसाला बसवलं गेलं. पेशंट सुमारे दोन महिने जगला. त्या प्रकल्पाचे एक प्रमुख होते कराचीत शिकलेले डॉ. मुहम्मद मन्सूर मोहिउद्दीन. हे आपल्याकडे नेहमीचं उपचार व्हायला वेळ आहे, पण मदरशांमध्ये यावर चर्चा आत्ताच सुरू झाली तर बरं.

आता विचारायचं कसं. ऑपरेशन ठरतं त्या पहिल्या भेटीतच सर्जनला विचारा: "यात जनावराचा पदार्थ आहे का, कोणत्या जनावराचा, आणि दुसरा कोणता चालेल?" सरकारी योजनेतून किंवा ईएसआयमधून ऑपरेशन असेल तर आणखी आधी विचारा, कारण तिथे स्टॉकमध्ये असेल तेच मिळण्याची शक्यता जास्त. मुफ्ती साहेबांकडे जाताना डॉक्टरांचं उत्तर लिहून न्या, तोंडी सांगताना "बोवाइन"चं "पोर्साइन" व्हायला वेळ लागत नाही. बोवाइन म्हणजे गुरांचं, पोर्साइन म्हणजे डुकराचं. पेशंट बेशुद्ध आणि इमर्जन्सी असेल तर हे काहीच विचारायचं नाही, सही करून आत पाठवायचं. आणि ऑपरेशननंतर झडप किंवा इम्प्लांटच्या खोक्यावरचं नाव, कंपनी आणि नंबर असलेलं स्टिकर पेशंटच्या फाइलमध्ये चिकटवलेलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे एमआरआय करताना किंवा दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा तोच मागतात.