नाव काय ठेवायचं?

ब्रूनो गेला आणि आता घरी नवीन पिल्लू आलंय. आई सवयीनं त्यालाही ब्रूनोच म्हणते. मला हेलन केलर आठवल्या. १९३७ साली त्या जपानमध्ये अकिताला गेल्या, तेव्हा त्यांना 'कामिकाझे-गो' नावाचं अकिता जातीचं पिल्लू भेट मिळालं. अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच ते डिस्टेंपरनं दगावलं. नंतर जपान सरकारनं त्याचाच भाऊ पाठवला. केलरबाईंना दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. कुत्रा ओळखायचा तो स्पर्शानं. हाताला दोघे भाऊ सारखेच लागले असतील. तरी दुसऱ्याचं नाव वेगळं होतं, 'केन्झान-गो'.

मलाही हेच पटतं. ब्रूनोचं नाव ब्रूनोकडेच राहू दे. आई, याला नवीन नाव तूच दे ना!