ग्लेड्सव्हिल पुलाची कमान आणि तिचे सेंटरिंग

काँक्रीटच्या कमानपुलांच्या इतिहासात गाळ्याच्या लांबीची नोंद कटाक्षाने होते. कमान पुरी होईतो जे तिचा भार वाहते, त्या सेंटरिंगचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. वस्तुतः मोठ्या कमानीचे भवितव्य या तात्पुरत्या आधारावर आणि तो काढून घेण्याच्या रीतीवर अवलंबून असते. स्वीडनमधील सांडो पुलाचे सेंटरिंग 31 ऑगस्ट 1939 रोजी कोसळून 18 जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी महायुद्धाला तोंड लागले आणि ती वार्ता मागे पडली. 264 मीटर गाळ्याचा तो पूल पुढे 1943 मध्ये पुरा झाला.

सिडनी शहरात परमॅट्टा नदीवर ग्लेड्सव्हिल येथे नवा पूल बांधण्याचे ठरले, तेव्हा सांडोचाच गाळा जगात सर्वांत लांब होता. सरकारी रस्ते खात्याचा मूळ आराखडा पोलादी पुलाचा होता. ठेकेदारांनी लंडनच्या मॉन्सेल या सल्लागार संस्थेकडून करवून घेतलेला काँक्रीट कमानीचा पर्याय खात्याने स्वीकारला; तथापि तो फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने यांच्याकडून तपासून घेण्यात आला. ही निवड यथार्थच म्हटली पाहिजे. सतत भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षे मंदपणे आखडत राहते, हा धडा फ्रेसिने यांना फ्रान्समधील ल व्हर्द्र येथील आपल्याच पुलाने दिला होता. 1911 च्या सुमारास बांधलेल्या त्या पुलाच्या कमानी हळूहळू खचू लागल्या, तेव्हा मध्यभागी जॅक लावून त्यांनी त्या पुन्हा उचलल्या होत्या.

ग्लेड्सव्हिलच्या कमानीचा गाळा 305 मीटर, म्हणजे सुमारे 1000 फूट आहे. कमान एकसंध नसून शेजारी शेजारी उभ्या केलेल्या चार बरगड्यांची आहे. नदीच्या खालच्या अंगास वुलिच येथे काँक्रीटचे पोकळ ठोकळे ओतून ते तराफ्यांवरून आणीत, सेंटरिंगच्या माथ्यावर उचलीत आणि तेथून दोन्ही बाजूंस खाली सरकवीत. एक बरगडी पुरी झाली की तेच पोलादी सेंटरिंग आडवे सरकवून पुढच्या बरगडीखाली नेले जाई. खर्चाची बचत झाली ती येथे.

आधार सोडविण्याची युक्ती याहून महत्त्वाची होय. प्रत्येक बरगडीत दोन ठिकाणी फ्रेसिने पद्धतीचे चपटे जॅक बसविले होते. त्यांत तेलाचा दाब देताच बरगडीची लांबी किंचित वाढे आणि ती आपल्याच ताणाने सेंटरिंगपासून वर उचलली जाई. खालचा आधार ओढून काढण्याचे कारणच उरत नसे. पुढे तेलाच्या जागी सिमेंटचे पातळ मिश्रण भरून जॅक तेथेच गाडून टाकीत. (आपला ‘कमान’ हा फारसी शब्द धनुष्यवाचक आहे, इंग्रजी ‘आर्च’चे लॅटिन मूळही तेच. मात्र धनुष्याची टोके दोरी आवळून धरते. या कमानीची टोके दोन्ही तीरांवरचा वालुकाश्म रोखून धरतो.)

2 ऑक्टोबर 1964 रोजी पुलाचे उद्घाटन झाले. ज्या द्रुतगती मार्गासाठी तो योजिला होता, तो मार्ग पुढे रद्द झाला. लांबीचा विक्रम 1980 पर्यंत टिकला. त्या वर्षी युगोस्लाव्हियात क्र्क बेटाला जोडणारी 390 मीटरची कमान पुरी झाली. ती दोन्ही तीरांवरून पुढे पुढे वाढवीत नेली होती आणि तिच्याखाली सेंटरिंग उभारलेच नव्हते.