चयापचय : वयोमानानुसार होणारे बदल

सजीवांच्या पेशींत अखंड चालणाऱ्या रासायनिक क्रियांना एकत्रितपणे चयापचय म्हणतात. त्यांपैकी चयात साध्या रेणूंपासून शरीरघटक घडतात, तर अपचयात अन्नद्रव्यांचे विघटन होऊन ऊर्जा मुक्त होते. पूर्ण विश्रांतीतही श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूचे कार्य आणि शरीराचे तापमान यांसाठी जी ऊर्जा खर्च होते, तिच्या प्रमाणाला मूलभूत चयापचय दर ही संज्ञा असून, बैठे काम करणाऱ्या प्रौढाच्या दैनंदिन ऊर्जाव्ययाचा साधारण ६० ते ७० टक्के भाग हा असतो.

तिशी-चाळिशी उलटली की चयापचय मंदावतो आणि त्यामुळेच पोट सुटते, ही समजूत सर्वत्र रूढ असली, तरी प्रत्यक्ष मोजमापे तिला दुजोरा देत नाहीत. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या, म्हणजे आठ दिवसांच्या अर्भकांपासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंतच्या, नोंदी तपासण्यात आल्या. हायड्रोजन व ऑक्सिजन यांची जड समस्थानिके असलेले पाणी पाजून ती शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात हे पाहिले, की एकूण ऊर्जाव्यय काढता येतो. या नोंदी त्याच पद्धतीच्या होत्या. शरीराचे आकारमान आणि घडण लक्षात घेता हा व्यय पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास प्रौढांच्या सुमारे दीडपट असतो, विशीपर्यंत हळूहळू उतरतो, २० ते ६० या वयात जवळजवळ स्थिर राहतो आणि त्यानंतर दरवर्षी सुमारे ०.७ टक्क्याने घटतो. मध्यमवयात वाढणाऱ्या वजनाची कारणे म्हणूनच मुख्यतः आहार, घटलेली हालचाल आणि अपुरी झोप यांत शोधणे रास्त ठरते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या पोटाभोवती चरबी साठू लागते, त्यामागे इस्ट्रोजेन या संप्रेरकाची घट असते.

साठीनंतर एकूण ऊर्जाव्यय घटण्यात स्नायूंच्या ऱ्हासाचाही वाटा असतो. वयोमानानुसार होणाऱ्या या ऱ्हासाला १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव सुचवले. तथापि विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला अवघ्या १३ किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा वापरतो, तेव्हा स्नायू कमावल्याने बसल्या जागी भरपूर चरबी जळते हा व्यायामशाळांतून ऐकू येणारा दावा अतिशयोक्त आहे. स्नायूचे खरे मोल निराळेच आहे : इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातील ग्लुकोज सामावून घेणारी सर्वांत मोठी ऊती तीच असल्याने, ती रोडावली की मधुमेहाचा धोका वाढतो. भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात आसपासच्या खेड्यांतील नवजात बालके वजनाने कमी, तरी चरबीचे प्रमाण तुलनेने टिकवून असलेली आढळली. अशी बाह्यतः सडपातळ पण आतून चरबीयुक्त शरीरयष्टी घेऊन वार्धक्याकडे जाणाऱ्याजवळ स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी असते.

स्नायू राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ताकदीचा व्यायाम होय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस तो सुचवते, शिवाय १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि पासष्टीपुढील व्यक्तींसाठी तोल सांभाळण्याचा सरावही. याला उशीर झाला असे कधीच मानू नये, कारण १९९० मध्ये मारिया फियातारोने यांनी नव्वदीतील वृद्धाश्रमवासीयांकडून आठ आठवडे असा व्यायाम करवून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. प्रथिनांची शिफारस भारतात प्रौढांसाठी प्रतिकिलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम आहे. वृद्धांचे स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देत असल्याने अनेक तज्ज्ञ त्यांच्यासाठी १ ते १.२ ग्रॅम इष्ट मानतात, मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना ही मात्रा वाढवू नये. भात किंवा भाकरीच्या ताटात उसळ, पिठले, दही, अंडी वा मासळी यांचा वाटा वाढवून ती गाठता येते. कडक उपासाने वजन झपाट्याने उतरवणे मात्र उतारवयात घातक ठरू शकते, कारण त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतो आणि पुढे वजन परत वाढले तरी ती झीज सहसा पूर्ण भरून निघत नाही.