'सेंडमेल'मधील दोषशोधनाची सोय आणि १९८८ चा उत्पात

दि. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला स्वयंप्रसारी प्रोग्राम अमेरिकेतील हजारो संगणकांत शिरला. त्याने योजिलेल्या वाटांपैकी एक विशेष विचारार्ह आहे. कारण ती नजरचुकीने पडलेली नव्हती, बुद्ध्या ठेवलेली होती.

एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे रचलेल्या 'सेंडमेल' या टपालवाहक प्रोग्रामात 'डीबग' नावाची आज्ञा होती. टपालाची व्यवस्था लावणे मोठे किचकट. ती नीट लागली की नाही हे पडताळण्यास ही सोय उपयोगी पडे, म्हणून अनेक यंत्रांवर ती चालूच राहिली. ती दिली असता पत्र घेणाऱ्याच्या नावाच्या जागी आज्ञावली लिहिता येई. मॉरिसच्या प्रोग्रामाने तेच केले. पत्राचे शीर्ष गाळून उरलेला मजकूर 'शेल'च्या हाती पडे. त्यात 'सी' भाषेतील ९९ ओळींचा प्रोग्राम असे. तो तेथेच यंत्रभाषेत उतरून चालू लागे व मुख्य प्रोग्राम मागवून घेई. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर संप्रदानाच्या स्थानी आज्ञार्थ बसला, आणि यंत्राने तो निमूटपणे मानला. परवलीचा शब्दही कोणी विचारला नाही!

दुसऱ्याच दिवशी बर्कलीहून उपाय प्रसृत झाला. ज्यांच्यापाशी मूळ संहिता नव्हती, त्यांनी चालू प्रतीतील 'डीबग' ही अक्षरेच पुसून टाकावीत, असे त्यात सुचविले होते. मॉरिसला १९९० साली तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा व १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. सोय उघडी कोणी ठेवली, हा त्या खटल्याचा विषय नव्हता.