आधी माती, मग अरण्य



पडीक खाण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? उघडा पडलेला खडक, तळाशी साचलेले पाणी, आणि गुरे तिकडे फिरकू नयेत म्हणून घातलेले काटेरी कुंपण. अशाच एका खाणीत देशोदेशीची वनसृष्टी कशी वसवली गेली, ती हकीकत आज सांगणार आहे.

ही खाण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, सेंट ऑस्टेल गावाजवळ बोडेल्वा येथे आहे. तिथे पूर्वी चिनी माती निघत असे. कपबशा होतात तीच. विल्यम कुकवर्दी नावाच्या औषधविक्याने अठराव्या शतकाच्या मध्याला ती कॉर्नवॉलमध्ये शोधून काढली. पुढे तिचा मोठा धंदा झाला आणि डोंगर फुटू लागले. हाती येणाऱ्या मातीच्या कितीतरी पट वाळू नि दगड टाकून द्यावे लागत. त्यांचे पांढरे ढिगारे त्या मुलखात आजही दिसतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस बोडेल्वाची खाण संपत आली. तेव्हा टिम स्मिट या गृहस्थांनी तिथे ‘ईडन’ नावाचे उद्यान करायचे मनात घेतले. माणूस अन्न, वस्त्र, औषध यांसाठी वनस्पतींवर किती अवलंबून आहे, हे लोकांना प्रत्यक्ष दाखवावे, हा हेतू. आराखडा निकोलस ग्रिमशॉ या वास्तुशिल्पज्ञांच्या कचेरीत तयार झाला.

पहिली अडचण जमिनीची. खोदकाम चालूच होते, त्यामुळे तळाचा आकार रोज बदलायचा. पाया धरायचा कुठे? साबणाचा फुगा पाहा. जागा उंचसखल असली तरी तो तिच्यावर बेतून बसतो. त्यावरून एकमेकांना चिकटलेल्या फुग्यांसारखे प्रचंड घुमट योजले. पोलादी षट्कोनांत काचेऐवजी पारदर्शक, हवा भरलेल्या हलक्या उशा बसवल्या. सर्वांत मोठा भाग २४० मीटर लांब आहे.

दुसरी अडचण पाण्याची. खाणीचा तळ भूजलाच्या पातळीखाली १५ मीटर. त्यात बांधकामाच्या आरंभीच्या महिन्यांत इतका पाऊस कोसळला, की सुमारे ४ कोटी ३० लक्ष गॅलन पाणी खाणीत उतरले. मग चर काढून ते गोळा करण्याची व्यवस्था केली. पुढे झाडांच्या कामी तेच आले. संकटाचे भांडवल केले म्हणा ना!

आणि तिसरी अडचण, आपल्या शेतकरी बंधूंना चटकन उमजेल अशी. तिथे मातीच नव्हती! कपबशीची माती होती, पण रोप धरील अशी नव्हती. तेव्हा खाणीतलीच टाकाऊ वाळू आणि चिकणमाती घेतली, तीत कुजवलेला पालापाचोळा व झाडांच्या साली मिसळल्या, आणि सुमारे ८५,००० टन माती माणसांनी तयार केली. सदाहरित अरण्याला ओल धरणारी, तर भूमध्य समुद्राकाठच्या झाडांना वाळूसर. मार्च २००१ मध्ये उद्यान लोकांना खुले झाले. एका घुमटाखाली केळी, कोको, रबर. दुसऱ्याखाली ऑलिव्ह नि द्राक्षे.

आता कोणी म्हणेल, घुमटाखालचे अरण्य म्हणजे काही खरे अरण्य नव्हे. खरे आहे. खऱ्या अरण्यातली असंख्य श्वापदे, पाखरे, कीटक तिथे नाहीत. शिवाय त्या थंड मुलखात ऊब पुरवावी लागते. त्यासाठी खोल विहीर खणून भूगर्भातली उष्णता २०२३ सालापासून वापरात आली. निसर्ग जे फुकट देतो, त्याला केवढा खर्च पडतो पाहा! माझ्या मते हाच त्या उद्यानाचा सर्वांत मोठा धडा.

गुरुजनहो, मुलांना एवढे करून दाखवा. शाळेच्या आवारात एका कुंडीत नुसती खडीची कच घाला, दुसरीत तीच कच भरपूर शेणखत मिसळून. दोन्हींत मूठभर मटकी पेरा, पाणी सारखेच द्या, आणि महिनाभर नोंद ठेवायला सांगा. उजाड केलेली जमीन पुन्हा नांदती करता येते; पण ती मुळात राखणे किती स्वस्त असते, हे मुले आपणच सांगतील.