किनाल्दा : भूमीच्या पोटात भाजलेली भाकर

जुन्या मराठी घरांत मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवीत, ओटी भरीत, गोडधोड खाऊ घालीत. अमेरिकेच्या नैऋत्येकडील नवाहो समाजात याच प्रसंगी मुलगीच इतरांना खाऊ घालते. चार दिवसांच्या या विधीस ‘किनाल्दा’ म्हणतात. पहिला किनाल्दा ‘बदलत्या स्त्री’चा झाला, अशी त्यांची श्रद्धा. ही आदिमाता ऋतूंबरोबर वृद्ध होते आणि पुन्हा तरुण होते.

मुलीने पूर्वेकडे धावावयाचे, प्रत्येक खेपेस आधीहून दूर. उरल्या वेळी मका दळावयाचा, तोही पारंपरिक रीतीने दगडी पाट्यावर. या दिवसांत तिचा देह अर्भकासारखा मऊ असतो असे मानतात, म्हणून एखादी कर्ती स्त्री तिचे अंग चोळून जणू तिला घडविते.

अंगणात खणलेल्या खड्ड्यात विस्तव पेटवून जमीन तापवितात. अखेरच्या संध्याकाळी निखारे उपसून आत कणसांची सोलपटे अंथरतात व त्यांवर मक्याचे कालवलेले पीठ ओततात. वरून पुन्हा सोलपटे, माती आणि विस्तव. होगान हे त्यांचे पूर्वाभिमुख घर. तेथे रात्रभर मंगलगीते चालतात आणि मुलीने डोळा मिटावयाचा नसतो. पहाटे शेवटची धाव होते, मग ती प्रचंड गोल भाकर कापतात. गायकांना, आप्तांना, राबलेल्यांना वाटे मिळतात. जिने दळले, तिने मात्र तिचा घास घ्यावयाचा नसतो. सबंध विधीचे मर्म आम्हांस या एका निषेधात दिसते.

ही भाकर सहजासहजी टिकलेली नाही. १८६३-६४ मध्ये किट कार्सनच्या फौजेने नवाहोंची मक्याची शेते जाळली, पीचच्या बागा तोडल्या. आठ हजारांहून अधिक माणसांना शेकडो मैल चालवीत न्यू मेक्सिकोतील बॉस्के रेदोंदो येथे डांबण्यात आले. तेथे पेरलेला मका किडीने खाल्ला आणि शिध्यात पांढरे पीठ हाती आले. तळलेली ‘फ्राय ब्रेड’ त्या शिध्यातून आली, असे सामान्यतः सांगतात. पर्यटक आज तीच ‘पारंपरिक’ समजून खातात! १ जून १८६८ च्या तहाने लोक मायभूमीस परतले खरे. पण १८८३ च्या सरकारी नियमांनी मूलनिवासींच्या कित्येक विधींना अपराध ठरविले आणि मुले निवासी शाळांत नेली जाऊ लागली. धर्माचरणाच्या स्वातंत्र्याचा कायदा व्हावयास १९७८ उजाडले.

एवढ्यातून किनाल्दा तगला, त्याचे एक कारण आमच्या मते असे, की त्याला देऊळ लागत नाही. खड्डा, मका आणि दळणारे हात पुरतात. आता पुष्कळ कुटुंबे शाळेची सुटी पाहून दिवस ठरवितात, गिरणीचे पीठही चालते, कोणी त्यात मनुका घालतात. खड्डा मात्र अंगणातच खणतात आणि मुलगी अजून पूर्वेकडेच धावते.